अंड्यावर लिहिलेली वेळ

काटोलच्या स्टँडवर उतरल्याबरोबर लहानूजी गजघाट्यांनी आधी परतीची गाडी विचारून घेतली. दोनची आहे, ती चुकली तर साडेचारची, असं कंट्रोलरनं वर न बघता सांगितलं. घड्याळात साडेअकरा वाजले होते. ज्या कामासाठी आलो ते काम करायच्या आधीच माणूस परतीची वेळ विचारतो, तेव्हा त्याच्या मनात काय चाललं आहे ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

स्टँडबाहेर संत्र्यांचे ढीग लागले होते. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून त्यांनी डझनभर घेतली आणि पैसे दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की काटोलच्या माणसाकडे आपण काटोलचीच संत्री घेऊन चाललो. परत करायला गेले तर संत्रीवाली बाई हसली, पण पैसे काही तिनं परत दिले नाहीत. मग ती पिशवी सांभाळत ते कन्याशाळेतल्या पांढरीपांडे बाईंचं घर विचारत निघाले. गावात बाईंना सगळे ओळखत होते. विज्ञानाच्या बाई ना, असं विचारून लोक बोट दाखवत होते.

नागपूर सोडल्यापासून लहानूजी एकच वाक्य घोकत होते. बाई, ते अंडे मी बारा वाजता नाही, चार वाजता ठेवले होते. कळमेश्वरपर्यंत ते वाक्य पाठ झालं. पुढच्या रस्त्यात ते इतक्या वेळा म्हणून झालं, की त्यातला अर्थच निघून गेला आणि नुसते शब्द उरले. वाक्य जेमतेम एका श्वासाचं. पण ते म्हणायला लहानूजींना चौदा वर्षं लागली होती.

दार बाईंनीच उघडलं. केस बरेच पिकले होते, चष्मा लागला होता. वय चाळीसच्या पुढे नसावं, पण चेहरा पन्नाशीचा वाटत होता. लहानूजींना वाटलं होतं, आधी ओळख द्यावी लागेल, त्यात दोन मिनिटं जातील. पण बाईंनी एका नजरेत ओळखलं.

"लहानूजी? या ना. बाहेर काय उभे राहून राहिले?"

घर दोन खोल्यांचं. टेबलावर वह्यांचा गठ्ठा, खिडकीत भिजवलेले हरभरे मोड यायला ठेवलेले, बहुधा मुलींना दाखवायला. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, कॉलेजचं विचारलं. ती जुनी उबवणीची पेटी आहे का अजून, म्हणाल्या. लहानूजींनी सांगितलं की तिचा लिलाव झाला, आता नवी आली. कॉलेजातले देवपुजारीसर वारल्याचं बाईंनी पेपरात वाचलं होतं. लहानूजी मयतीला गेले होते, पण तिथलं काही सांगावंसं त्यांना वाटलं नाही. मग बाईंनी मुलींचं विचारलं. दोघींचे लग्न झाले, असं ते बोलून गेले. दोघी. हे उत्तर त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की आजच्या दिवशीसुद्धा तेच बाहेर पडलं. बाई चहा ठेवायला आत गेल्या आणि लहानूजी संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.

लहानूजी गजघाटे म्हणजे नागपूरच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा परिचर. मराठी सातवी पास. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा एकोणतिशीत होते आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी नोकरी लागली. त्या दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान. विभागात बेडूक आणणं, काचा धुणं, स्पिरिटच्या बाटल्यांना लेबलं लावणं अशी सतराशे साठ कामं त्यांच्याकडे असत. पण त्यांचं खरं काम होतं अंड्यांचं. सरकारी कुक्कुटपालन केंद्रातून फळणारी, म्हणजे पिल्लू धरणारी, अंडी आणायची, थंड खोलीत ठेवायची आणि सांगितलेल्या वेळेला पेटीत घालायची. पेटीत अंडं गेलं की त्याचं घड्याळ सुरू होतं. म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं वेळ लिहायची. शाई चालत नाही, कवचातून अंडं श्वास घेतं. अक्षर लहान, पेन्सिल मऊ, हात हलका. हजारो अंड्यांवर त्यांनी अशी वेळ लिहिली असेल आणि देवपुजारीसर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, की मनगटावरच्या घड्याळापेक्षा लहानूच्या पेन्सिलीवर माझा जास्त भरवसा. हे ऐकून लहानूजींची मान किती ताठ व्हायची ते त्यांच्या बायकोला, इंदूबाईला, विचारावं. रोज संध्याकाळी तिला ते पुन्हा ऐकावं लागे.

प्रमोदिनी पांढरीपांडे धरमपेठेतून सायकलवर यायची. देवपुजारीसरांकडे ती डॉक्टरेट करत होती. साधारण एक दिवस उबवलेलं अंडं फोडलं की बलकावर नखाएवढी एक पांढरी चकती दिसते, पुढे तिचंच पिल्लू होतं. प्रमोदिनी ती चकती काचेच्या वाटीत काढायची आणि दिव्यावर ओढून केलेल्या काचेच्या सुईनं तिच्यातला एक कण उचलून दुसऱ्या चकतीत दुसऱ्याच जागी नेऊन लावायची. मोहरीच्या दाण्याचे पंचवीस तुकडे केले तर त्यातला एक असेल तेवढा तो कण. हे करताना तिचा हात लहानूजी बघत राहत. दारावरून ट्रक गेला तर टेबल हलायचं, पण तिचा हात हलायचा नाही.

एकदा तिनंच त्यांना भिंगातून दाखवलं आणि समजावून सांगितलं. सुरुवातीला या चकतीतल्या पेशी सगळ्या सारख्या असतात, म्हणाली. कोणी काळीज व्हायचं, कोणी कातडी, ते ठरलेलं नसतं. आजूबाजूच्या पेशी जशा सांगतील तसं त्या होतात. काळजाच्या जागेवरची पेशी उचलून कातडीच्या जागी लावली, तर ती मुकाट्यानं कातडी होते. पण त्याला एक वेळ असते. ती वेळ टळली की मग पेशीचं ठरून गेलेलं असतं. त्यानंतर तिला कुठंही नेऊन ठेवा, ती होती तिथलीच राहते. असं म्हणून तिनं दुसरी वाटी भिंगाखाली सरकवली. सव्वीस तासांच्या अंड्यातला कण होता तो, कातडीच्या जागी लावलेला. सगळीकडे शांत होतं आणि तो एवढासा कण एकटाच धडधडत होता.

"ती वेळ कोणती, तेच शोधून राहिले मी," प्रमोदिनी म्हणाली. "अठरा तासांना कण बदलतो. सव्वीसला बदलत नाही. मधलं कोणालाच माहीत नाही."

लहानूजींनी भिंगावरून डोळा काढला नाही. "वेळ टळल्यावर आणला, अन् आजूबाजूच्यानं लई माया केली, तर नाही का होत बाई?"

प्रमोदिनी हसली. बघू, म्हणाली.

हे विचारायला कारण होतं. लहानूजींची धाकटी बहीण कांताबाई खाप्याला दिली होती. नवरा मँगनीजच्या खाणीत कायम नोकरीला, घर स्वतःचं, पण लग्नाला बारा वर्षं होऊन मूल नव्हतं. सासरी दुसऱ्या बायकोची भाषा सुरू झाली होती. त्या दिवाळीत ती माहेरी आली ती भावाच्या पायाशीच बसली. तुले तीन पोट्ट्या आहेत, एक मले दे ना गा दादा, म्हणाली. लहानी दे, लहान लेकरू लवकर रुळते. धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती आणि इंदूबाईच्या अंगावर पीत होती. इंदूबाईनं तिला पदराखाली घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. थोरली घरातलं पाणी भरणं, भांडी, सगळं बघायची. मग राहिली मधली. प्रेमलता. सहा वर्षांची. पहिलीत होती. बापानं कॉलेजातून आणलेल्या पेन्सिलींचे तुकडे तिनं डबीत जमवून ठेवलेले. ती कोणाच्याच वाटणीची नव्हती म्हणून ती जायची ठरली. असं कोणी बोललं नाही, पण झालं तसंच.

सत्तर सालचा जानेवारी. त्या दिवशी बारा वाजता एक डझन अंडी पेटीत घालायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांचे बावीस तास भरणार होते. बावीस तासांचा हा पहिलाच प्रयोग, प्रमोदिनी आठ दिवस त्याची तयारी करत होती. लहानूजींनी हिशोब केला. पहिल्या गाडीनं खाप्याला जायचं, पोरीला सोडायचं, अकरापर्यंत परत. रजा मागायची म्हणजे कारण सांगावं लागेल. पोरगी देऊन टाकायला चाललो, हे कारण अर्जात कसं लिहिणार? त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही.

प्रेमलता गाडीत खुशीत होती. आत्याकडे चाललो म्हणून नवा फ्रॉक मिळाला होता. कांताबाईनं दारातच तिला उचललं, आत नेलं, साखर-भाकर दिली. निघताना पोरगी बापाच्या पायाला चिकटली. तेव्हा लहानूजींच्या तोंडून निघून गेलं, की बस इथंच, मी चिवडा घेऊन येतो. पोरगी शहाणी. मान डोलावून उंबऱ्यावर जाऊन बसली.

गंमत अशी, की ते दार बरोबर स्टँडच्या रस्त्यावर होतं. गाडी पकडायची तर तिच्यासमोरून जावं लागणार होतं, आणि चिवडा न घेता जावं लागणार होतं. लहानूजी मागच्या गल्लीनं वळले आणि कन्हान नदीच्या काठी एका देवळाच्या भिंतीआड जाऊन बसले. ती आत गेली की निघू, असं त्यांनी ठरवलं. थोड्या थोड्या वेळानं भिंतीवरून डोकं काढून ते बघत. ती तिथंच होती. साडेनऊची गाडी गेली. साडेअकराची गेली. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून रस्त्याकडे बघत बसली होती. दीडच्या सुमाराला कांताबाईनं तिला ओढत आत नेलं. तेव्हा कुठे लहानूजी उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या, त्या उतरेपर्यंत थांबायची सोय नव्हती.

विभागात पोचले तेव्हा चार वाजले होते. प्रमोदिनी ग्रंथालयात होती, सर मीटिंगला. त्यांना कोणी शोधलंही नव्हतं. अंडी थंड खोलीत जशीच्या तशी. लहानूजींनी ती पेटीत मांडली आणि पेन्सिल काढली. चार लिहायचं होतं. पण चार लिहिलं तर प्रमोदिनीचा उद्याचा दिवस फुकट, आणि मग बारापासून चारपर्यंत कुठे होतास, हा प्रश्न. त्या दिवशी त्या प्रश्नाचं उत्तर देणं त्यांच्या जिवावर आलं असतं. बारा लिहायला चार लिहिण्याएवढाच वेळ लागतो. त्यांनी डझनभर अंड्यांवर बारा लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

दुसऱ्या दिवशी पहिलं अंडं फोडून प्रमोदिनी भिंगाशी वाकली आणि म्हणाली, "आज जरा लहान दिसून राहिल्या चकत्या. वेळेवरच ठेवली होती ना, लहानूजी?"

"थंडी किती पडली बाई," लहानूजी म्हणाले.

तिनं वहीत लिहून घेतलं, थंडीमुळे वाढ मंद. सरांचा नियम होता, की डोळ्यावर जायचं नाही, तासावर जायचं. आणि तास लहानूच्या पेन्सिलीचा.

दोन दिवसांनी निकाल आला. बारातल्या नऊ चकत्यांत कण बदलला होता. बावीस तासांनंतरही काळजाचा कण मुकाट्यानं कातडी झाला होता. आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी हे काम केलं होतं त्यांच्या अंदाजापेक्षा हे फार वेगळं होतं. देवपुजारीसरांनी विभागात पेढे वाटले, परिषदेला निबंध पाठवला. लहानूजींनी पेढा घेतला. आणि इथं त्यांची खरी चूक झाली, अंड्यांपेक्षा मोठी. त्यांना बरं वाटलं. आपण काय केलं आहे ते पुरतं ठाऊक असून त्यांना बरं वाटलं. उशीर झाला तरी पेशी बदलते, असं सर म्हणाले होते, शिकलेला माणूस म्हणाला होता. म्हणजे खाप्याच्या उंबऱ्यावर बसलेली पोरगीही हळूहळू तिथली होऊन जाईल. जे खोटं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, त्याच्यावर त्यांनी विश्वास ठेवला. असं फक्त देवाधर्माच्या बाबतीत होतं असं नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. निबंध छापण्याआधी प्रयोग पुन्हा करून दाखवा, असं परिषदेकडून पत्र आलं. प्रमोदिनीनं पुन्हा केला. आता अंडी अगदी ठरल्या ठोक्याला पेटीत जात होती, लहानूजी त्याबाबत इतके काटेकोर झाले होते की पेटीसमोरून हलत नसत. आणि दर वेळेला कण धडधडायचा. पाच वेळा केलं, दहा वेळा केलं. प्रमोदिनीनं सुया बदलल्या, दिवा बदलला, कोंबड्यांची जात बदलली. नऊ महिने गेले. सरांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, की तुझा हात तेव्हा नीट होता का आता नीट आहे? विभागात कुजबूज सुरू झाली, की पहिले आकडे वहीतच उबवलेले असणार. सरांनी निबंध परत घेतला, परिषदेला माफीचं पत्र लिहिलं आणि प्रमोदिनीला सांगितलं, की हे नाजूक काम तुझ्या हाताचं नाही.

या नऊ महिन्यांत एक दिवस असा गेला नाही की लहानूजींच्या ओठांवर ते वाक्य आलं नाही. एकदा तर ते सरांच्या दारापर्यंत गेले. नोकरी जाईल, ही भीती होतीच. सरांचा भरवसा जाईल, ही त्याहून मोठी होती. पण त्याच्याही तळाशी एक तिसरी होती, ती त्यांनी इंदूबाईलाही सांगितली नाही. बारा खोटं म्हटलं की तो निकाल खोटा. आणि निकाल खोटा म्हटलं की प्रेमलता सहा वर्षांची होती, वेळ टळलेली. दारावरून ते परत आले. प्रमोदिनीनं काचेच्या सुयांचा डबा त्यांच्या हातात दिला, कपाटात ठेवून द्या म्हणाली आणि सायकल घेऊन गेली. पुढच्या महिन्यात ती काटोलला शाळेत लागल्याचं कळलं.

प्रेमलता खाप्यालाच वाढली. कांताबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं तिला फुलासारखं जपलं, मॅट्रिक केलं. वर्षातून एकदा लहानूजी जात. ती पाणी आणून द्यायची, मामाजी म्हणायची, वाकून नमस्कार करायची. एकदाही रडली नाही, एकदाही नागपूरचं विचारलं नाही. झाली ती तिथली, असं ते इंदूबाईला सांगत. ती उठून कामाला लागे.

यंदाच्या वैशाखात तिचं लग्न झालं. पत्रिकेत मामा म्हणून लहानूजींचं नाव होतं. बुद्धवंदना झाली, हार झाले, जेवणं झाली. निघताना पांढऱ्या साडीतली ती पोर एकेकाच्या पाया पडत आली. लहानूजींपुढे वाकली तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं मामाजी म्हटलं. मग उठताना त्यांच्या कानाशी येऊन, हळूच बोलली.

"बाबा, मी तेव्हा सहाची होती. मले सारं आठवते. तुम्ही चिवडा आणाले गेले होते."

रागानं नाही, सहज बोलली. आणि पुढच्या माणसाच्या पाया पडायला गेली.

लहानूजींना त्या भर उन्हात भिंगाखालची ती वाटी दिसली. सगळीकडे शांत, आणि तो एक कण. तेरा वर्षं ती त्या घरात हसत होती, पाणी आणून देत होती, आणि तिचं हे असं चाललं होतं. आपल्याला दिसलं नाही, कारण आपल्याला बघायचंच नव्हतं. मग त्यांना वाटलं, आता ते खोटं धरून ठेवायला काही कारणच उरलं नाही. तरीही हिंमत गोळा करायला सात महिने गेले, हा त्यांचा स्वभाव.

बाईंनी चहाचा कप पुढे ठेवला. लहानूजींनी तो घेतला नाही. घोकलेलं वाक्य ऐन वेळी उलटंपालटं झालं, पण बाहेर पडलं.

"बाई, ते बाराचे अंडे. मी चारले ठेवले होते. बारा मी खोटं लिहिलं."

बाई उभ्याच होत्या. कोणती अंडी, असं त्यांनी विचारलं नाही. खुर्ची ओढून त्या समोर बसल्या. थंडी नव्हती तर, एवढंच म्हणाल्या.

"थंडी होती. पण त्यानं नव्हतं झालं."

 बाहेर शेजारीण कोणाला तरी हाक मारत होती. मग बाई बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज वर्गात शिकवतात तसा सरळ होता. "शाळेत आल्यावरसुद्धा मी कितीतरी दिवस सकाळी उठून हात असा समोर धरून बघायची, लहानूजी. थरथरतो का म्हणून. एकदा वाटायचं हलला, एकदा वाटायचं नाही हलला. नंतर तर मलाच वाटायला लागलं, की ते आकडे मी खरंच मनानं लिहिले असतील. आईलाही तसंच वाटलं. त्याच समजुतीत ती गेली."

लहानूजींनी मान खाली घातली. माफ करा म्हणायचं ठरवून आले होते, पण तो शब्द आता त्यांना फारच स्वस्त वाटला. नोकरी धोक्यात येऊ द्या, मी लिहून देतो, कॉलेजात चला, असं काहीबाही ते बोलत गेले. बाईंनी हातानंच थांबवलं. सर नाहीत, परिषद कुठली आता, आणि मला चाळिशीत काय करायचं आहे तिथं? मग त्यांनी विचारलं, की चार वाजेपर्यंत तुम्ही होता कुठे. तुम्ही तर कधी पाच मिनिटं चुकला नव्हता.

तेव्हा लहानूजींनी सगळं सांगितलं. खापा, उंबरा, चिवडा, देवळाची भिंत. लग्नात कानात बोललेलं तेही. दोघी नाही, तिघी आहेत बाई, हे शेवटी म्हणाले.

"म्हणून तुम्ही ते विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "माया केली तर नाही का होत म्हणून." त्यांनी गार झालेला कप बाजूला सरकवला. "अहो, ते कोंबडीचं होतं. माणसाचं तसं तासावर नसतं. तेव्हा सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, की संध्याकाळच्या गाडीनं जा आणि घेऊन या तिला."

हे ऐकून लहानूजींना रडू आलं. इतकी वर्षं ते आलं नव्हतं, आता संत्र्यांच्या पिशवीवर आलं. बाईंनी त्यांना रडू दिलं. गप्प व्हा म्हणाल्या नाहीत, झालं गेलं विसरा असंही म्हणाल्या नाहीत. उठून आतल्या खोलीत गेल्या. ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

परत आल्या तेव्हा हातात प्रयोगाची जुनी वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. पानं पिवळी पडली होती, पण ते पान शोधायला त्यांना वेळ लागला नाही. बावीस तास, असं वर लिहिलेलं, खाली बारा चकत्यांचं टिपण आणि समासात थंडीबद्दलची ती ओळ. पलीकडच्या पानांवर पुढच्या नऊ महिन्यांचे आकडे. बाईंनी बोट ठेवून वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं. अठराचे आकडे, मग बावीसचे, मग सव्वीसचे. ते एक पान अठराकडे नेलं की बाकी सगळं आपापल्या जागी बसत होतं. एकही आकडा चुकीचा नव्हता.

"तुम्हीच लिहा," त्या म्हणाल्या. "वेळ तुम्हीच लिहायचे ना."

वह्यांच्या गठ्ठ्याजवळची पेन्सिल त्यांनी पुढे केली. लहानूजींनी डोळे पुसले. बावीसवर त्यांनी एक रेघ मारली. शेजारी चार वाजता ठेवली असं लिहायला गेले, तर अक्षर वाकडं व्हायला लागलं, कागद पेन्सिलीबरोबर हलायला लागला, आणि हजारो अंड्यांवर सुबक आलेला तो चार काही केल्या जमेना. तेव्हा बाईंनी वही आपल्याकडे थोडी वळवली आणि पानाची कड धरून ठेवली. लहानूजी लिहीत होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कागदावर बाईंचा तो हात होता. तो जराही हलत नव्हता. बाईही त्याच्याकडेच बघत होत्या.